टाकीची जागा

आमच्या ऑफिसात कॉफी देणारी बाई फ्लास्क घेऊन वर आली, की ती आधी अक्कांच्या टेबलाशी जायची, मग साहेबांच्या केबिनमध्ये आणि मग आम्हा बाकीच्यांकडे. कॉफी तीच, कपही तेच. तरी मला ते रोज टोचायचं.

मी मूळची साताऱ्याची. पुण्यात शिकले, पाणीपुरवठ्याच्या विषयात एम.टेक. केलं आणि नवऱ्याच्या नोकरीपायी बेंगळुरूला आले. यशवंतपूरला एका सल्लागार कंपनीत मला काम मिळालं. शहर चहूबाजूंनी पसरत ज्या गावांपर्यंत पोचलं होतं, त्या गावांना नदीचं पाणी कधी, कुठून आणि कसं द्यायचं याचा आराखडा आमची कंपनी सरकारी खात्यासाठी करत होती. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत कुठल्या गावात किती माणसं राहतील, कुठे इमारती उठतील, कुठल्या टेकाडावर टाकी बांधली तर पाणी आपोआप खाली उतरेल, हे सगळं कॉम्प्युटरवर मांडून बघायचं काम माझ्याकडे होतं. मी ते चांगलं करत होते. हे मी आज फुशारकीने सांगत नाही. चांगलं करत होते म्हणूनच पुढचं सगळं जास्त लागलं.

अक्का पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. चामराजपेटेतल्या जुन्या मराठी घरातल्या. त्यांचे पूर्वज तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आले आणि इथलेच होऊन गेले. शिक्षण म्हणाल तर डिप्लोमा. सरकारी खात्यात नकाशे काढायला लागल्या, पुढे इंजिनिअर झाल्या आणि मुदतीआधीच निवृत्ती घेऊन आमच्याकडे करारावर आल्या. सगळं ऑफिस त्यांना अक्का म्हणायचं, साहेबसुद्धा. त्यांच्या मराठीत अर्धं कन्नड असायचं. "स्वल्प थांब गे, बघून सांगते," असं त्या मला म्हणायच्या. घरी आल्यावर मी नवऱ्याला त्यांची नक्कल करून दाखवायची आणि तो हसायचा.

पण मीटिंगमध्ये हसण्यासारखं काही नसायचं. मी आठवडाभर खपून तयार केलेलं मॉडेल पडद्यावर दाखवायची, पाइपांचे व्यास सांगायची, कुठे दाब कमी पडेल ते लाल रंगात दाखवायची. साहेब सगळं नीट ऐकून घ्यायचे आणि मग मान वळवून विचारायचे, "अक्का, तुम्हाला काय वाटतं?" अक्का चष्मा कपाळावर सरकवून म्हणायच्या, इथे खाली खडक आहे, चर खणायला वर्ष लागेल, लाइन रस्त्याच्या पलीकडून घ्या. साहेब ते लगेच लिहून घ्यायचे. माझ्या आठवड्यावर त्यांचं एक वाक्य भारी पडायचं. आणि ते वाक्य बहुतेक वेळा बरोबर असायचं, हे मला सगळ्यात असह्य व्हायचं.

गावांत गेलो की आणखीच वेगळं. जीप थांबली की आधी तिथला नीरगंटी पुढे यायचा. नीरगंटी म्हणजे गावात पाणी सोडणारा माणूस. कुठली झडप कधी उघडायची आणि कुठली गल्ली कोरडी राहते, हे त्याला तोंडपाठ असतं. तो अक्कांशी बोलायचा आणि मी नकाशाची गुंडाळी धरून शेजारी उभी राहायची. बायका अक्कांना घरात बोलवायच्या, ओंजळभर चिक्कू द्यायच्या, पोटातलं सगळं सांगायच्या. मला त्या "मॅडम, कुर्सी" म्हणून प्लास्टिकची खुर्ची द्यायच्या. खुर्चीवर बसून मी बघत राहायची. दोन वर्षांत मला बऱ्यापैकी कन्नड कळायला लागलं होतं, बोलता मात्र येत नव्हतं. त्यामुळे त्या माझ्यादेखत अक्कांचं जे कौतुक करायच्या, ते मला अक्षरन् अक्षर समजायचं.

एकदा अक्कांनी आम्हा दोघांना चामराजपेटेत जेवायला बोलावलं. आम्ही बेळ्ळंदूरला राहतो, अकराव्या मजल्यावर. आमच्या सोसायटीत नळ आहेत, पण त्यांना येतं ते टँकरचं पाणी. कधी गढूळ, कधी क्षारांनी जड, इतकं की बादलीला पांढरी पुटं चढतात. अक्कांच्या घरी मागच्या अंगणात एक साधा नळ होता आणि त्याला एक दिवसाआड थेट नदीचं पाणी यायचं. जेवणात आमटी होती, अक्का तिला हुळी म्हणत होत्या. नवऱ्याने दोनदा वाढून घेतली, तांब्याभर पाणी प्यायला आणि म्हणाला, "या पाण्याला चव आहे." परतताना रिक्षात तो अक्कांच्या घराबद्दलच बोलत होता. किती मोकळी बाई, आणि किती माहिती आहे तिला. मी बाहेर बघत होते. त्यानंतर मी घरी नक्कल केली तेव्हा तो हसला नाही. "जाऊ दे ना," म्हणाला.

हे सगळं सांगायचं कारण, पुढे मी जे केलं ते एका दिवसात डोक्यात आलं नव्हतं.

आराखड्याच्या पहिल्या टप्प्यात कुठली गावं घ्यायची, हे ठरवायची वेळ आली. अक्कांचा आग्रह उंचावरच्या तीन गावांसाठी होता. तिथल्या बोअरवेल आटत चालल्या होत्या आणि बायका काळ्या प्लास्टिकच्या टाक्यांसमोर घागरी घेऊन तासन् तास उभ्या राहायच्या. माझ्या मते आधी सपाटीवरचा दुसरा गट घ्यायला हवा होता. तिथे नवीन लेआउट पडत होते, वस्ती झपाट्याने वाढणार होती आणि पंपिंगही कमी लागणार होतं. साहेबांनी अक्कांचं ऐकलं. खात्याची अट एवढीच होती, की आढावा बैठकीच्या दिवशी टाकीची जागा पक्की आणि वादाबाहेरची हवी. अक्कांनी टेकाडावरची सरकारी जमीन शोधून ठेवली होती. पूर्वी ते गायरान होतं. उंची मी तपासली, अगदी हवी तशी होती.

बैठकीला दहाएक दिवस राहिले असताना अक्कांच्या मुलीचं बाळंतपण आलं आणि त्या हुबळीला गेल्या. जाण्याआधी त्यांनी माझा मोबाइल नंबर टेकाड असलेल्या गावच्या नीरगंटीला दिला. मला तेव्हा वाटलं, बघा, आता मी यांची निरोपी.

चौथ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. अक्कांचा फोन बंद लागतोय, म्हणाला, म्हणून तुम्हाला केला. तो भराभर कन्नडमध्ये बोलत होता. टेकाडाच्या जमिनीवर एका कुटुंबाने हक्क सांगितला होता, ते कोर्टात गेले होते आणि परवाच स्टे आला होता. पण काळजीचं कारण नाही, असंही तो म्हणाला. शाळेच्या मागे पंचायतीची स्वतःची जागा रिकामी आहे, पंचायत ती द्यायला तयार आहे. फक्त शुक्रवारी सभा आहे, त्याआधी आमच्या ऑफिसचं एक पत्र हवं, म्हणजे ठराव होऊन जाईल. अक्कांना तेवढं सांगा, असं त्याने दोनदा सांगितलं. मी "सरी, सरी", म्हणजे बरं, बरं, म्हटलं आणि फोन ठेवला.

मी लगेच मॉडेल उघडलं. शाळेमागची जागा टेकाडापेक्षा थोडी खाली होती. टाकीचे खांब उंच धरून मी आकडे पुन्हा चालवले. तिन्ही गावांना पाणी पोचत होतं, अगदी शेवटच्या घरापर्यंत. सगळ्या रेषा हिरव्या झाल्या. मी बराच वेळ त्या बघत बसले आणि मग सेव्ह न करता फाइल बंद केली.

त्या दिवशी मी स्वतःला अनेक गोष्टी सांगितल्या. आपल्याला कन्नड कुठे नीट येतं, चुकीचं ऐकलं असेल. अक्का हॉस्पिटलात आहेत, कशाला त्रास द्यायचा. तो पुन्हा करेल त्यांना फोन. साहेबांना सांगायचं तर तेही शेजारच्याच केबिनमध्ये होते, दहा पावलांवर. मी उठले नाही. या सगळ्याच्या खाली जे होतं, ते मला तेव्हाही स्वच्छ माहीत होतं. अक्कांची जागा एकदा चुकायला हवी होती. सगळ्यांच्या समोर. साहेबांनी मान वळवून एकदा तरी माझ्याकडे बघायला हवं होतं.

शुक्रवार गेला. फोन पुन्हा आला नाही. त्याने निरोप दिला होता आणि मी सरी म्हटलं होतं. त्याच्या लेखी काम झालं होतं.

बैठकीच्या दिवशी सकाळी अक्का हुबळीच्या गाडीने यशवंतपूरला उतरल्या आणि स्टेशनवरून तडक ऑफिसात आल्या. हातात बॅग, साडी प्रवासाने चुरगळलेली, डोळ्यांवर जागरण. पण चेहरा खुललेला होता. नात झाली होती. त्यांनी मला पेढा दिला आणि बॅग माझ्या टेबलाखाली सरकवत विचारलं, "तिकडचं काही विशेष गे? कुणाचा फोन वगैरे?"

"नाही," मी म्हटलं. "सगळं ठीक आहे."

पेढा माझ्या हातातच होता.

बैठकीत खात्याचे अधिकारी, महसूलकडचे एक कर्मचारी, आमचे साहेब आणि आम्ही दोघी होतो. अक्कांनी तीन गावांचं मांडलं, नकाशावर टेकाड दाखवलं. महसूलच्या माणसाने कागद चाळले आणि शांतपणे सांगितलं, की या जमिनीवर कोर्टाची स्थगिती आहे. अक्कांनी चष्मा वर केला, पुन्हा डोळ्यांवर आणला, स्वतःच्या फाइलमध्ये बघितलं. तिथे अर्थातच काही नव्हतं. पर्यायी जागा आहे का, असं अधिकाऱ्यांनी विचारलं. अक्का म्हणाल्या की गावात विचारून दोन दिवसांत सांगते. अधिकारी म्हणाले, दोन दिवस नाहीत, यादी आज वर जायची आहे.

मग साहेबांनी मान वळवली. माझ्याकडे.

मी सपाटीवरच्या गटाचं मॉडेल उघडलं. टाकीची जागा, पाइप, टप्पे, सगळं तयार होतं. मी पंधरा मिनिटं बोलले आणि मध्ये कुणी काही विचारलं नाही. तो गट पहिल्या टप्प्यात गेला, उंचावरची तीन गावं दुसऱ्या टप्प्यात. बाहेर आल्यावर साहेब म्हणाले की मी आज सगळ्यांची लाज राखली. त्या दिवशी कॉफीही आधी माझ्या टेबलावर आली असेल किंवा नसेल, मला आठवत नाही. बघायचंच सुचलं नाही. ज्या क्षणाची दोन वर्षं वाट बघितली, तो आला तेव्हा मी अक्कांकडे बघत होते. पलीकडे अक्का टेकाडाच्या नकाशाची गुंडाळी करत होत्या, कडा जुळवून, अगदी सावकाश.

चार दिवसांनी त्या गावात सांगायला निघाल्या. पत्र पाठवून भागलं असतं, पण त्या म्हणाल्या, तोंडाने सांगायला हवं. साहेबांनी मलाही बरोबर जायला सांगितलं.

शाळेसमोरच्या झाडाखाली पंधरावीस माणसं जमली होती. जास्त करून बायका, काहीजणी रांगेतून तशाच घागरी घेऊन आलेल्या. अक्का उभ्या राहूनच बोलल्या. पहिल्या टप्प्यात आपण नाही, असं त्यांनी सांगितलं. आणि पुढे म्हणाल्या की चूक माझी आहे, जागेचे कागद मी पुन्हा बघायला हवे होते, ते बघितले नाहीत. मग नीरगंटी पुढे आला. तो रागावलेला नव्हता, गोंधळलेला होता. मी मॅडमना फोन करून सगळं सांगितलं होतं, तो म्हणाला. स्टेचं सांगितलं, शाळेमागच्या जागेचंही सांगितलं. मॅडम सरी म्हणाल्या होत्या.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अक्कांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या त्याला कन्नडमध्ये म्हणाल्या, की फोनवर नीट ऐकू आलं नसेल, मॅडमना आपली भाषा येत नाही, त्यांच्यावर ठपका नको.

मला वाटेल त्या शिव्या मिळाल्या असत्या तरी चाललं असतं. त्या बायकांनी अक्कांचं ऐकलं आणि विषय तिथेच सोडला. एकीने तर मला खुर्ची आणून दिली. आणि मी सांगते ते खरं आहे, त्या घटकेलाही मला पहिल्यांदा लाज वाटली नाही. मला हेवा वाटला. या बाईचा शब्द इथे इतका चालतो, की तिने नुसतं म्हटलं आणि माझा अपराध पुसला गेला. तोसुद्धा तिनेच पुसायचा, सगळ्यांसमोर. लाज मागून आली, जीपमध्ये.

परतीच्या वाटेवर ड्रायव्हर पुढे होता, आम्ही दोघी मागे. मुख्य रस्त्याला लागलो आणि गाड्यांच्या गर्दीत अडकलो. अक्का खिडकीतून बघत होत्या. मी म्हटलं, "अक्का, मला कळलं होतं. तो काय म्हणाला ते सगळं कळलं होतं."

पुढची गाडी हलली, आमची जीप हलली, पुन्हा थांबली.

"स्टे आणि कोर्ट," त्या म्हणाल्या, "कन्नडातसुद्धा स्टे आणि कोर्टच असतं, मॅडम."

त्या दिवसापर्यंत त्यांनी मला कधी मॅडम म्हटलं नव्हतं. पुढचं सगळं मी न थांबता बोलत गेले. शाळेमागच्या जागेवर मॉडेल चालवलं होतं, ते जमत होतं, मी ते बंद केलं. का केलं ते सांगायला मात्र शब्द सापडले नाहीत. तुमच्यावर जळत होते, एवढं साधं वाक्य होतं, तेही मराठीत, तरी तोंडातून निघालं नाही. त्यांनी विचारलंही नाही. फक्त म्हणाल्या, "त्याला तुमचा नंबर मी का दिला ठाऊक आहे? म्हटलं, साहेबांपेक्षा तुम्हाला लवकर समजेल."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे जाऊन फोन आला होता आणि मी तो दडवला, हे सांगितलं. ते बराच वेळ पेनचं टोपण काढत-घालत राहिले. आराखडा वर गेला आहे, आता मागे घेता येणार नाही, म्हणाले. पण पुरवणी जोडता येईल. मला कामावरून काढलं नाही. पुढच्या बैठकांना मात्र मला बोलावणं बंद झालं.

पुरवणी आम्ही दोघींनी केली. जवळून जाणाऱ्या जुन्या लाइनमधून रोज पहाटे थोडं पाणी घ्यायचं, ते शाळेमागे एका छोट्या टाकीत पंपाने चढवायचं, असा तो तात्पुरता उपाय होता. जागा, पंचायतीचा ठराव, लोकांच्या सह्या अक्कांनी आणल्या. आकडे मी काढले. तीन गावांना ते पाणी पुरणार नव्हतं, कितीही ओढाताण केली तरी एकाच गावाला पुरत होतं. मी ते पाच-सहा प्रकारे चालवून बघितलं. प्रत्येक वेळी अक्का शेजारी बसून स्क्रीनकडे बघत असायच्या आणि म्हणायच्या, "बरं, मॅडम, पुन्हा बघू." त्या माझ्याशी कधी तुटक वागल्या नाहीत. नाश्त्याचा डबा पुढे करायच्या, नातीचे फोटो दाखवायच्या. पण गे म्हणून त्यांनी मला पुन्हा हाक मारली नाही. मी वाट बघत होते. फाइलवर सही करताना, पाऊस पडून लिफ्ट बंद पडली आणि आम्ही दोघी जिना उतरत होतो तेव्हा, त्यांच्या निरोपाच्या दिवशी. नाहीच.

पुरवणी मंजूर झाली. एका गावात पाणी आलं. बाकीच्या दोन गावांतल्या बायका दुसऱ्या टप्प्याची वाट बघत अजून टँकरवर आहेत. माझ्या मनात यायचं की आम्हीही बेळ्ळंदूरला टँकरवरच आहोत. पण आमच्याकडे टँकर तळमजल्यावर येतो आणि पाणी अकराव्या मजल्यावर आपणहून चढतं. त्या बायकांच्या कमरेवर घागर असते. ही तुलना मी नंतर करायची सोडून दिली.

अक्कांचा करार संपला तेव्हा त्यांनी तो पुढे वाढवला नाही. लेकीला मदत करायला त्या हुबळीला गेल्या. मधूनमधून साहेबांना त्यांचा फोन येतो, हे मला साहेबांच्या बोलण्यावरून समजतं.

आता फील्डवर मीच जाते. कन्नड शिकले, व्याकरण कच्चं आहे पण काम चालतं. नीरगंटी माझ्याशी नीट बोलतो, सांगितलेलं सगळं मी त्याच्यासमोर वहीत लिहून घेते आणि त्याला वाचून दाखवते. गेल्या महिन्यात दुसऱ्या टप्प्याची आखणी करायला वरच्या गावात गेले होते. खुंट्या ठोकून झाल्या, रस्त्याच्या कडेने चुन्याची रेघ मारून झाली. एक म्हातारी बाई दारात बसून बघत होती. तिने मला जवळ बोलावलं, पाणी केव्हा येणार ते विचारलं आणि मी सांगितलेलं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, हे अक्कांना माहीत आहे का? त्यांना एकदा विचारून घ्या.

हो, विचारते, असं मी म्हटलं. छातीत तीच जुनी कळ उठली, अगदी पहिल्यासारखी. गाडीत बसल्यावर मी साहेबांकडून अक्कांचा हुबळीचा नवा नंबर मागून घेतला आणि फोन लावला. पलीकडे बाळ रडत होतं. अक्कांनी रेघ कुठून नेली ते विचारलं, मी सांगितलं, त्या म्हणाल्या, तिथे वळणावर खडक लागेल, थोडं डावीकडे घ्या. मी ड्रायव्हरला गाडी मागे वळवायला सांगितलं.